महिन्याचा कॉल रिपोर्ट काढण्यापूर्वी

ही यादी व्हिसिडायल (कॉल सेंटरची फोनप्रणाली) वापरणाऱ्या आणि दिवसा देशातील, रात्री परदेशातील ग्राहकांचे फोन घेणाऱ्या सेंटरमध्ये एमआयएसचे, म्हणजे आकडेवारी आणि रिपोर्टचे, काम नव्याने हाती घेणाऱ्यासाठी आहे. प्रणाली दुसरी असेल तर मेनूंची नावे बदलतील, खाचखळगे बहुतेक तेच राहतील.

लॉगिन करण्याआधी रिपोर्टमध्ये नेमके काय मोजायचे आहे, हे मागणाऱ्याकडून लेखी घ्यावे. सर्व्हिस लेव्हल 80/20 म्हणजे 80 टक्के कॉल 20 सेकंदांत उचलले गेले पाहिजेत, एवढे मजल्यावरच्या प्रत्येकाला पाठ असते. पण भागाकारात खाली कोणते कॉल धरायचे, रांगेत येताच स्वतःहून फोन ठेवणारे मोजायचे की वगळायचे, हे करार उघडल्याशिवाय कळत नाही आणि त्या एका व्याख्येवर उद्दिष्ट गाठले की चुकले हे ठरू शकते. त्याच निरोपात, रिपोर्ट कोणत्या टाइम झोनमध्ये हवा आहे, हेही विचारून घ्यावे. हा प्रश्न बालिश वाटतो, तरीही विचारावा.

पासवर्ड चालतो का, हे पाहण्यास सांगण्याची गरज नाही. परवानग्यांचे मात्र तसे नाही. व्हिसिडायलमध्ये रिपोर्ट पाहण्यासाठी वापरकर्त्याचा स्तर किमान 7 असावा लागतो, त्याच्या नावापुढे ‘व्ह्यू रिपोर्ट्स’ सुरू असावे लागते, आणि त्याच्या यूजर ग्रुपला कोणते रिपोर्ट व कोणत्या कॅम्पेन (कामानुसार केलेले कॉलचे गट) दिसतील, हे वेगळे ठरवलेले असते. यांतील पहिल्या दोन गोष्टी नसतील तर दारच उघडत नाही, त्यामुळे त्या लगेच लक्षात येतात. तिसरी घातक आहे. ग्रुपला पाचपैकी चारच कॅम्पेन मंजूर असतील तर रिपोर्ट कोणतीही तक्रार न करता चार कॅम्पेनचा निघतो आणि ‘सर्व कॅम्पेन’ असे निवडल्याचे समाधानही देतो. म्हणून पडद्यावरील कॅम्पेनची नावे ऑपरेशन्सकडील यादीशी एकेक करून जुळवावीत.

आता टाइम झोन. मागच्या वेळी माझ्या यादीत हाच मुद्दा नव्हता, त्यामुळे या वेळी तो वारंवार येईल आणि वाचणाऱ्याने कंटाळू नये. सर्व्हर इमारतीतच होता तोवर त्याचे घड्याळ भारतीय वेळेवर असे. तो क्लाउडवर गेला की, कोणी मुद्दाम बदलले नाही तर, ते बहुधा यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) चालते, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. अशा सर्व्हरवर एप्रिलची 1 ते 30 ही तारीख टाकली की प्रत्यक्षात 1 एप्रिलच्या पहाटे साडेपाचपासून 1 मेच्या पहाटे साडेपाचपर्यंतचे कॉल येतात. महिन्याची बेरीज जवळपास बरोबर दिसते, आणि म्हणूनच ही चूक कोणाच्याही नजरेत येत नाही. रोजचा हिशेब मात्र बिघडतो, आणि रात्रपाळीचे मध्यरात्र ते पहाटे साडेपाचचे कॉल ज्या तारखेखाली जायला हवेत त्याच्या आदल्या तारखेखाली जातात. तासागणिक आलेख काढून पाहावा. रोज सकाळी अकराला होणारी गर्दी आलेखात पहाटे साडेपाचच्या सुमारास दिसत असेल, तर लोक पहाटे उठून फोन करू लागलेले नाहीत, घड्याळ यूटीसीचे आहे. फरक पूर्ण तासांचा नसल्याने तासांचे तयार गट नुसते सरकवूनही चालत नाही. अर्ध्या तासांचे गट घ्यावे लागतात.

सर्वांत खात्रीची तपासणी साधी आहे. आपल्याच मोबाइलवरून हेल्पलाइनला एक फोन लावावा, वेळ कागदावर लिहावी, आणि तो कॉल रिपोर्टमध्ये शोधून तिथली वेळ ताडून पाहावी. फोन लावायचा नसेल तर कॉलच्या युनिक आयडीतील (प्रणाली प्रत्येक कॉलला देते त्या क्रमांकातील) पूर्णविरामापूर्वीचे दहा अंक पाहावेत; ते 1 जानेवारी 1970 पासून यूटीसीनुसार मोजलेले सेकंद असतात. 1775001600 म्हणजे यूटीसीनुसार 1 एप्रिल 2026 ची मध्यरात्र, आपल्याकडे पहाटेचे साडेपाच. एक्सेलमध्ये त्या सेकंदांना 86400 ने भागून 25569 मिळवले की यूटीसी वेळ येते, आणि तिच्यात साडेपाच तास मिळवल्यावरच ती आपली होते. आयटीवाल्यांनी ‘सर्व्हर आयएसटीवरच (भारतीय वेळेवरच) आहे’ असे तोंडी सांगितले तरी हे करावे, कारण ऑपरेटिंग सिस्टिम, पीएचपी (रिपोर्टची पाने चालवणारी भाषा) आणि डेटाबेस यांची घड्याळे वेगवेगळी लावलेली असू शकतात आणि सांगणाऱ्याने त्यांपैकी एकच पाहिलेले असते.

परदेशी प्रोसेस, म्हणजे परदेशी ग्राहकांचे काम, असेल तर मार्च, ऑक्टोबर आणि नोव्हेंबर जपून हाताळावेत. न्यूयॉर्क हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असते आणि उन्हाळी वेळेत साडेनऊ. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ तासाभराने पुढे करते, ब्रिटन शेवटच्या रविवारी. 2026 मध्ये या तारखा 8 आणि 29 मार्च अशा आहेत. मधल्या तीन आठवड्यांत दोन्ही देशांसाठी हिवाळ्यातलेच फरक वापरले तर एक रिपोर्ट बरोबर येतो आणि दुसरा तासाभराने चुकतो. मार्चच्या शीटमध्ये अमेरिकेसाठी दोन भाग करावेत. एकाच सूत्राने काम भागेल, असा मोह होतो, भागत नाही.

रिपोर्ट चालवण्याची वेळही निवडावी लागते. भर गर्दीत महिन्याचा एक्स्पोर्ट मारला आणि रिपोर्टसाठी वेगळा स्लेव्ह डेटाबेस (मूळ डेटाबेसची प्रत) नसला, तर एजंटांचे स्क्रीन अडकतात आणि पुढच्या पाच मिनिटांत फ्लोअर मॅनेजर तुमच्या टेबलाशी येतो. मागच्या महिन्यांशी तुलना करायची असेल तर जुने लॉग आर्काइव्ह टेबलांत हलवले आहेत का, हे विचारावे आणि हलवले असतील तर आर्काइव्हमध्ये शोधण्याची खूण करावी. ती न केल्यास जुना महिना विनाकारण शांत गेल्यासारखा दिसतो. तारखा टाकताना पुन्हा एकदा: कोणत्या टाइम झोनच्या तारखा? सर्व्हर यूटीसीवर असेल तर दोन्ही टोकांना एकेक दिवस जास्त घेऊन डाउनलोड करावे आणि नको ते नंतर छाटावे.

आकड्यांतील दोन सापळे. एजंटच्या ‘टॉक’ वेळेत ‘डेड’ वेळ, म्हणजे ग्राहकाने फोन ठेवल्यानंतर एजंटने लाइन तशीच धरून ठेवलेली वेळ, आधीच आलेली असते; एएचटी (एका कॉलला लागणारा सरासरी वेळ) काढताना ती पुन्हा मिळवू नये. एका इनग्रुपमधून (येणाऱ्या कॉलच्या रांगेतून) दुसऱ्यात पाठवलेला कॉल इनबाउंड लॉगमध्ये दोन ओळी घेतो, त्यामुळे ओळी मोजल्या की ग्राहक मोजले, असे होत नाही. टक्केवारीची सरासरी काढू नये, हे शाळेत शिकवतात. तरी दर महिन्याला कोणी ना कोणी रोजच्या सर्व्हिस लेव्हलची बेरीज करून 30 ने भागतोच.

सीएसव्ही फाइल दोनदा क्लिक करून उघडू नये. 91 लावलेले मोबाइल नंबर 9.2E+11 असे दिसू लागतात, सुरुवातीची शून्ये जातात, युनिक आयडीच्या शेवटची शून्ये गळून दोन वेगळे कॉल एक होऊ शकतात, आणि 03/04 हा 3 एप्रिल की 4 मार्च, हे संगणकाच्या सेटिंगवर ठरते. इम्पोर्टमधून आणावी आणि नंबर व आयडीचे रकाने टेक्स्ट ठेवावेत. एका शीटमध्ये 10,48,576 ओळीच मावतात. वेळेच्या रकान्याच्या शीर्षकातच ‘यूटीसी’ किंवा ‘आयएसटी’ असे लिहावे; नुसते ‘वेळ’ लिहू नये.

पाठवण्यापूर्वी एखाद्या दिवसाचे आकडे शिफ्टच्या टीएलच्या (टीम लीडरच्या) वहीशी जुळवावेत. दिवस महिन्याच्या मधला नको, पहिला किंवा शेवटचा घ्यावा. का, ते एव्हाना कळले असेल. ग्राहकांचे नंबर शेवटचे चार अंक ठेवून झाकावेत, डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 2023 मध्ये संमत झालेला आहे. मूळ फाइल न बदलता वेगळी ठेवावी. मेलच्या पहिल्या ओळीत कालावधी, टाइम झोन आणि सर्व्हिस लेव्हलची व्याख्या लिहावी, फाइलला पासवर्ड लावला असेल तर तो वेगळ्या निरोपात पाठवावा.