इनडोअर ट्रॅकिंगची यंत्रणा उभारताय? या चुका टाळा

इमारतीच्या आत माणसं किंवा सामान शोधणारी यंत्रणा बसवायची ठरली की पहिल्याच बैठकीत कोणीतरी विचारतं, "अचूकता किती मीटर?" विक्रेता आकडा सांगतो, तो आकडा निविदेत जातो आणि पुढचं सगळं काम त्याच्याभोवती फिरत राहतं. मी या कामात बरीच वर्षं आहे. फसलेल्या प्रकल्पांची मुळं शोधत मागे गेलो की बहुतेक वेळा याच प्रश्नापाशी येऊन पोहोचतो. जीपीएस छपराखाली चालत नाही हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. वीस हजार किलोमीटरवरून येणारा क्षीण सिग्नल काँक्रीट आणि लोखंडापुढे टिकत नाही. त्याच्या जागी काय आणायचं यावर तासन्‌तास चर्चा होते, पण ते नेमकं कोणासाठी आणि कोणत्या कामासाठी, हे विचारायला कोणी थांबत नाही.

मीटर मागायचे आणि खोली विसरायची

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते, म्हणून हिच्याबद्दल सविस्तर लिहितो.

एका मोठ्या रुग्णालयात इन्फ्युजन पंप (रुग्णाला औषध ठरावीक वेगाने देणारं यंत्र) शोधायला कमी ऊर्जेच्या ब्लूटूथचे, म्हणजे बीएलईचे टॅग (आपली ओळख रेडिओवर पाठवत राहणारे छोटे बिल्ले) लावले होते. यंत्रणा दुसऱ्यांनी बसवलेली. "चालते, पण कोणी वापरत नाही, जरा बघा" म्हणून मला बोलावलं. चाचणीचा अहवाल चांगला होता, सरासरी चूक दोन मीटरच्या आत. मी रात्रपाळीच्या एका सिस्टरबरोबर पंप शोधायला निघालो. स्क्रीनवर पंप स्टोअररूममध्ये दिसत होता. स्टोअररूम रिकामी. पंप होता भिंतीपलीकडच्या आयसोलेशन खोलीत, रुग्णाला लावलेला. नकाशावरचा ठिपका आणि प्रत्यक्ष पंप यांच्यात दीड मीटरसुद्धा अंतर नसेल. अहवालाच्या हिशेबाने यंत्रणा पास झाली होती. सिस्टरना मात्र पंप मिळाला नव्हता, आणि तो पलीकडच्या खोलीत आहे का हे बघायलासुद्धा गाऊन, मास्क, हातमोजे चढवून आत जावं लागणार होतं.

असं वारंवार झालं की माणसं स्वतःचा मार्ग काढतात. वॉर्डातल्या सिस्टरनी स्क्रीनकडे बघणं सोडलं आणि पंप आपल्या हाताशी राहावा म्हणून तो लोखंडी कपाटात ठेवायला सुरुवात केली. कपाटाचं दार लागलं की टॅगचा सिग्नल बाहेर येईनासा होतो. सिग्नल थांबला तरी डॅशबोर्ड शेवटचं माहीत असलेलं ठिकाण ताजं असल्यासारखं दाखवत राहायचा. म्हणजे यंत्रणेवरचा विश्वास उडाला म्हणून पंप कपाटात गेले, आणि पंप कपाटात गेल्यामुळे यंत्रणा आणखी चुकू लागली. तंत्रज्ञ मात्र इतके दिवस सर्व्हरमधले दोष शोधत बसले होते.

तिथे प्रश्न मीटरचा नव्हताच. "कोणत्या खोलीत?" एवढंच उत्तर हवं होतं. रेडिओलहरी भिंत ओलांडतात, म्हणून खोलीचं उत्तर हवं असेल तर भिंतीला मानणारं माध्यम लागतं: इन्फ्रारेड किंवा अल्ट्रासाउंड. ही काही नवी गोष्ट नाही. केंब्रिजमधल्या ऑलिव्हेटीच्या प्रयोगशाळेत रॉय वॉन्ट आणि सहकाऱ्यांनी बनवलेला 'अॅक्टिव्ह बॅज' इन्फ्रारेडवरच चालायचा. दर १५ सेकंदांनी तो आपली ओळख सांगायचा आणि खोलीतला सेन्सर ती टिपायचा. त्यावरचा शोधनिबंध १९९२ सालचा आहे. रुग्णालयात आम्ही गोंधळ होणाऱ्या खोल्यांमध्ये इन्फ्रारेड उत्सर्जक बसवले. टॅग खोलीचा कोड इन्फ्रारेडवर ऐकतो आणि तो बीएलईने कळवतो. मीटरमधला आकडा होता तसाच राहिला, पण पंप सापडायला लागले.

माझी सवय अशी की पहिल्या बैठकीत मीटर हा शब्द मी बाजूला ठेवायला लावतो. जो माणूस रोज यंत्रणा वापरणार आहे, त्याच्याकडून एक वाक्य लिहून घेतो: "अमुक वस्तू तमुक ठिकाणी आहे हे कळलं की मी हे करणार." या वाक्यात खोली आली, रॅकचा कप्पा आला की दाराच्या आत-बाहेर आलं, त्यावरून तंत्रज्ञान ठरतं. आकडा मागायचाच असेल तर सरासरी मागू नका. १०० पैकी ९५ वेळा चूक किती मर्यादेत राहते ते विचारा. अशा यंत्रणांची चाचणी कशी घ्यावी यासाठी आयएसओ/आयईसी १८३०५ हे मानक २०१६ पासून आहे, ते निदान एकदा चाळा.

आणि डॅशबोर्डवर प्रत्येक ठिकाणाशेजारी वेळ दाखवाच. "स्टोअररूम, ४० मिनिटांपूर्वी" हे वाचून माणूस स्वतः डोकं लावतो. नुसता हिरवा ठिपका त्याला चुकीच्या दारापाशी नेतो.

सिग्नलच्या ताकदीवरून अंतर काढणं

नवशिक्यांचा हा आवडता शॉर्टकट. आरएसएसआय, म्हणजे पोहोचलेल्या सिग्नलच्या ताकदीचा आकडा, वाचायचा, सूत्रात घालायचा, अंतर तयार. सूत्र चुकीचं नाही. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की सिग्नल ६ डेसिबलने (डीबी) उतरतो. पण मोकळी जागा इमारतीत आणायची कुठून? मानवी शरीर बरंचसं पाण्याचं, आणि २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी ते चांगल्याच शोषतं. टॅग आणि त्याचा सिग्नल ऐकणारा रीडर यांच्यामध्ये माणूस उभा राहिला की १० डीबीच्या आसपास सहज जातात. सूत्राला वाटतं, अंतर तिप्पट झालं. पाच मीटरवरचा माणूस नुसता पाठ फिरवतो आणि नकाशावर पंधरा मीटरवर जातो.

त्यातच बीएलईचा टॅग २४०२, २४२६ आणि २४८० मेगाहर्ट्झ अशा तीन चॅनलवर आळीपाळीने ओरडतो. भिंतींवरून परतणाऱ्या लहरी प्रत्येक चॅनलवर वेगळ्या जुळतात, त्यामुळे टॅग जागचा हलला नाही तरी तीन चॅनलवर तीन वेगळी वाचनं मिळतात. लहरीची लांबी जेमतेम १२.५ सेंटिमीटर, म्हणून टॅग टेबलावर वीतभर सरकवला तरी आकडा पालटतो. २०१३ मध्ये अॅपलचं आयबीकन आलं, त्यात बीकन (जागेवर बसवलेला छोटा ब्लूटूथ प्रक्षेपक) स्वतःच एक मीटरवरची ताकद कळवतो. तेव्हापासून लोकांना वाटतं की अंतर आता आयतंच मिळतं. पण त्याच आयबीकनमध्ये 'अगदी जवळ', 'जवळ' आणि 'दूर' असे ढोबळ गटही दिले होते. मी आजही त्या गटांवरच जास्त भरवसा ठेवतो.

कोणी उत्साहाने सूत्र घेऊन आलं की मी वाद घालत नाही. टॅग त्याच्या खिशात ठेवतो, त्याला एका जागी उभं करतो आणि सावकाश स्वतःभोवती फिरायला सांगतो. स्क्रीनवर ठिपका खोलीभर हिंडताना त्याने स्वतः पाहिला की पुढचं समजावणं सोपं जातं. "मग काल्मन फिल्टर (आधीच्या वाचनांच्या आधारे नवं वाचन गुळगुळीत करणारं गणित) लावू" हे त्यावरचं ठरलेलं उत्तर. फिल्टर थरथर कमी करतो. पण मध्ये उभ्या असलेल्या शरीरामुळे आलेली चूक एकाच दिशेची असते, ती फिल्टरमधून आरपार जाते आणि वर ठिपका उशिरा हलायला लागतो, तो त्रास वेगळाच.

आरएसएसआयचा प्रामाणिक उपयोग एकच: कोणत्या रीडरला टॅग सगळ्यात मोठ्याने ऐकू येतो? आणि दुसरा रीडर ठरावीक फरकाने, काही सेकंद सलग वरचढ राहिल्याशिवाय टॅगची जागा बदलायची नाही. एवढा नियम पाळला तर निम्म्या तक्रारी थांबतात.

रिकाम्या इमारतीत चाचणी

नवीन गोदाम, रिकामे रॅक, सुट्टीचा दिवस. चाचणी सुरेख होते. मग रॅकमध्ये द्रवाचे कॅन आणि पत्र्याचे डबे भरतात, फोर्कलिफ्ट फिरू लागतात आणि तीच यंत्रणा आंधळी होते. फिंगरप्रिंटिंग करणाऱ्यांनी, म्हणजे जागोजागच्या सिग्नलचा नकाशा बनवून ठिकाण ओळखणाऱ्यांनी, तर हे पाठच करावं. २००० साली मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या बाहल आणि पद्मनाभन यांनी 'रडार' या प्रयोगातून वायफायच्या सिग्नलचा जागेनुसार नकाशा बनवून ठिकाण ओळखता येतं हे दाखवलं. पद्धत चांगली आहे, पण राउटर हलवला किंवा पार्टिशन उभं केलं की तो नकाशा शिळा होतो. गर्दीच्या वेळी, भरलेल्या जागेत मोजा. नंतरही ठरावीक काळाने पुन्हा मोजायला माणूस आणि वेळ मिळणार नसेल, तर फिंगरप्रिंटिंगच्या वाटेला जाऊच नका.

यूडब्ल्यूबी घेतलं, आता जागा कशाला मोजायची?

अल्ट्रा-वाइडबँड (यूडब्ल्यूबी) सिग्नलची ताकद बघत नाही, तो पोहोचायला किती वेळ लागला ते मोजतं. म्हणून नीट बसवलं तर १० ते ३० सेंटिमीटरपर्यंत अचूकता मिळते. महाग उपकरण घेतलं की मांडणीत ढिलाई चालते, हा समज मात्र मला संताप आणतो. प्रकाश एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जातो. अँकरची, म्हणजे ठरलेल्या जागी बसवलेल्या रीडरची, घड्याळं एकमेकांशी नॅनोसेकंदाने चुकली तर टीडीओए पद्धतीत (सिग्नल पोहोचण्याच्या वेळांतल्या फरकावरून जागा काढणं) तेवढ्यानेच तुमची सगळी अचूकता संपली.

अँकर कुठे लावतात? जिथे केबल ट्रे जाते तिथे. म्हणजे एका सरळ रेषेत, एकाच उंचीवर. एका रेषेतल्या अँकरना टॅग रेषेच्या डावीकडे आहे की उजवीकडे हे सांगताच येत नाही, दोन्ही बाजूंची अंतरं तंतोतंत सारखी येतात. सगळे अँकर छतालगत असतील तर टॅगची उंची डळमळते आणि तो टेबलावर आहे की जमिनीवर हे कळत नाही. अँकर नागमोडी लावा, मधूनमधून एखादा खाली उतरवा. केबल टाकणारा कुरकुर करेल, तरी आग्रह सोडू नका.

त्यानंतर अँकरचे निर्देशांक. ते आर्किटेक्टच्या ड्रॉइंगवरून उचलू नका. ड्रॉइंगमधला खांब आणि साइटवरचा खांब यांत सहज वीतभर फरक निघतो. मी लेझर मीटरने प्रत्येक अँकर दोन पक्क्या बिंदूंपासून मोजतो. मग अँकरना एकमेकांमधलं अंतर स्वतः मोजायला लावतो आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवतो. एखादी जोडी सातत्याने जास्त अंतर सांगत असेल तर मध्ये काहीतरी आहे. २० सेंटिमीटरच्या काँक्रीट भिंतीतून जाताना सिग्नल मंदावतो आणि अंतर सुमारे पाव मीटर जास्त दिसतं. लोखंडी खांबाने थेट वाट अडवली तर फक्त वळसा घालून आलेला सिग्नल पोहोचतो. ही चूक नेहमी अंतर वाढवते, कधीच कमी करत नाही, म्हणून शंभर वाचनांची सरासरी काढूनही ती जात नाही. अँकर हलवणं हाच इलाज.

थोडक्यात सांगण्यासारख्या

मजला ओळखायला बॅरोमीटर लावता? उत्तम, पण दाब मीटरमागे साधारण १२ पास्कलनेच बदलतो. हवामान पालटलं की काही तासांत त्याहून कितीतरी जास्त फरक पडतो. इमारतीत एक स्थिर संदर्भ-सेन्सर हवाच.

मोठ्या मोकळ्या चौकाच्या इमारतीत खालच्या मजल्यावरचे रीडर वरच्या टॅगना सर्रास ऐकतात. चौकाच्या कडेचे रीडर आत सरकवा.

ब्लूटूथ ५.१ मध्ये २०१९ साली दिशा ओळखण्याची सोय आली, पण कोनातली चूक अंतराबरोबर वाढते. ५ अंशांची चूक १० मीटरवर जवळजवळ ९० सेंटिमीटर होते.

लोकांच्या फोनच्या वायफाय पत्त्यावरून (प्रत्येक फोनचा ओळखक्रमांक, मॅक अॅड्रेस) गर्दी मोजायची योजना असेल तर ती सोडून द्या. आयओएस ८ पासून, म्हणजे २०१४ पासून, फोन हे पत्ते बदलायला लागलेत. अँड्रॉइड ९ नंतर तर समोर उघडलेल्या अॅपलाही आसपासचे वायफाय दोन मिनिटांत चारदाच शोधता येतात.

नकाशा मिलिमीटरमध्ये, सर्व्हर मीटरमध्ये, वाय अक्ष उलटा. पहिल्याच दिवशी इमारतीच्या तीन कोपऱ्यांत टॅग घेऊन उभे राहा आणि तपासा.

बॅटरी आणि माणसं

सीआर२०३२ सेलमध्ये साधारण २२० मिलिअँपिअर-तास असतात. डेमो छान दिसावा म्हणून टॅग दर १०० मिलिसेकंदांनी बोलायला लावतात आणि तेच सेटिंग पुढे राहून जातं. टॅग हलला की भराभर बोलेल आणि स्थिर असला की क्वचित, असा हालचाल ओळखणारा सेन्सर असलेला टॅगच घ्या. सेल कोण बदलणार, त्याचं नाव करारात असू द्या. "देखभाल विभाग" हे नाव नव्हे.

टॅग माणसांच्या गळ्यात घालायचे असतील तर आधी त्यांच्याशी बोला. गुपचूप लावलेले बॅज टेबलाच्या खणात सापडतात, आणि ते ठेवणाऱ्यांची काही चूक नसते. कोण बघणार, माहिती किती दिवस ठेवणार, हे कागदावर द्या. स्वच्छतागृह आणि विश्रांतीच्या खोलीत रीडर बसवूच नका. सॉफ्टवेअरमध्ये झाकून ठेवू हे आश्वासन पुरेसं नाही, कारण ते झाकण कोणीही एका क्लिकने काढू शकतं. बॅजवर मदतीचं बटण द्या आणि ते दाबल्यावर खरोखर कोणीतरी धावून येतं याची रंगीत तालीम पहिल्या आठवड्यातच, रात्रपाळीतसुद्धा, करून घ्या.