मावळा वॉशरवरून उखडला? गोंद निवडताना या चुका टाळा

दिवाळीच्या किल्ल्यावर माती ओली असते तोवर प्लॅस्टिकचे मावळे पाय रुतवून इमानेइतबारे उभे राहतात. माती वाळली, भेगा पडल्या, की तटावरचा पहारा आडवा. आमच्या सोसायटीतल्या पोरांनी यावर तोडगा काढला तो पायाखाली लोखंडी वॉशर लावण्याचा. बोहरी आळीतून मूठभर वॉशर आणले, फेविक्विकचे थेंब टाकले, काम फत्ते. भाऊबीजेला वॉशर तटावर आणि मावळे खंदकात.

शिव्या अर्थातच फेविक्विकने खाल्ल्या. पण दुसरी ट्यूब आणायला धावण्याआधी उखडलेला जोड उलटून बघा. वाळलेला गोंद राहिलाय कुठे? सगळा मावळ्याच्या पायाला चिकटून आला आणि वॉशर कोरा असेल, तर वॉशर नीट साफ झालेला नाही. गोंद वॉशरवर आणि प्लॅस्टिक कोरं, तर त्या गोंदाने तुमचं प्लॅस्टिक धरलेलंच नाही. दोन्हीकडे तुकडे राहिले असतील तर गोंद मधूनच तुटला.

प्लॅस्टिक न ओळखणं

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. मावळा पाण्याच्या भांड्यात बुडवा, आत हवा अडकली असेल तर काढा आणि सोडून द्या. वर आला आणि हाताला मेणचट लागत असेल, तर तो बहुतेक पॉलिएथिलीनचा किंवा पॉलिप्रॉपिलीनचा. यांची घनता पाण्याहून कमी, साधारण ०.९ ते ०.९७. गोंदाच्या बाटल्याही बऱ्याचदा याच प्लॅस्टिकच्या असतात, यावरून काय ते ओळखा. इथे महागातला गोंदही नखाने सोलून निघतो.

अशा मावळ्याला बांधूनच ठेवायचं. पायाखालच्या चकतीला बारीक ड्रिलने शेजारी शेजारी दोन भोकं पाडा, त्यांतून पातळ तांब्याची तार वरून ओवा, दोन्ही टोकं वॉशरच्या मधल्या भोकातून खाली घेऊन फाकवा आणि त्यावर एम-सील दाबून बसवा. वॉशरला भोक आयतंच असतं, त्याचा एवढा तरी उपयोग करून घ्यावा.

मावळा बुडाला आणि कडक असेल तर तो पॉलिस्टायरीनचा असण्याची शक्यता मोठी. त्याला गोंद चांगला धरतो. बुडाला पण रबरासारखा वाकतो, तर मऊ पीव्हीसी. त्यातलं तेलकट द्रव्य हळूहळू बाहेर येऊन जोड सैल करतं, तेव्हा त्यालाही तार लावलेली बरी.

मॉडेल किटचं सिमेंट धातूवर लावणं

विमानांची किट जोडणारे हौशी लोक ही चूक हमखास करतात. ते सिमेंट म्हणजे मुळात विद्रावक. पॉलिस्टायरीनचे दोन्ही भाग किंचित विरघळवून ते एकजीव करतं. लोखंड काही त्यात विरघळत नाही, त्यामुळे मावळ्याचा पाय तेवढा मऊ होऊन बसतो. पांढऱ्या फेविकॉलचंही इथे काम नाही. त्यातलं पाणी शोषून घ्यायला लाकूड किंवा कागद लागतो.

चकचकीत वॉशर तसाच वापरणं

नव्या वॉशरवर तेलाचा हात असतो, वर जस्ताचा गुळगुळीत मुलामा. १२० नंबरच्या पॉलिश पेपरवर चारदोन वेळा घासा आणि अ‍ॅसिटोनच्या बोळ्याने पुसा. तोच बोळा मावळ्याला लावू नका, पॉलिस्टायरीन वितळेल. मावळ्याला साबणाचं पाणी पुरे. आधी रंगवून मग चिकटवलंत तर गोंद रंगाला धरतो, आणि पुढे रंगच पापुद्र्यासारखा सुटतो. पायाचा तळ कोरा ठेवा.

जास्त थेंब, जास्त मजबुती?

फेविक्विकच्या बाबतीत उलटं. ते ओलाव्याने घट्ट होतं, म्हणून पातळ थर लवकर आणि पक्का बसतो. जाड थर आतून कच्चा राहतो, आणि त्याच्या वाफेने आजूबाजूला पांढुरकी भुकटी धरते. काळ्या घोड्यावर ती फार खुलून दिसते.

नीट लावलं तरी फेविक्विक ठिसूळच. सरळ ओढ सोसेल, बाजूने टिचकी बसली की सुटलं. शिवाय तापल्यावर पॉलिस्टायरीन लोखंडाच्या पाच-सहा पट पसरतं. ऑक्टोबर हीटमध्ये गॅलरीत दुपारी तापायचं आणि पहाटे गार व्हायचं, हा खेळ रोज चालला की ठिसूळ थराला तडे जातात.

म्हणून कडक मावळ्यासाठी माझं मत दोन भागांच्या एपॉक्सीला, म्हणजे अ‍ॅराल्डाइटला. घाई नसेल तर सावकाश सुकणारं घ्या आणि रात्रभर हलवू नका. लवकर सुकावं म्हणून हार्डनर जास्त घालणारे महाभाग आमच्याकडेही आहेत. त्याने जोड चिवट न होता चिकचिकीत राहतो. पाकिटावर दिलेल्या प्रमाणातच दोन्ही भाग घ्या आणि टूथपिकने मिनिटभर घोटा.

मावळा मुलांनी पुन्हा पुन्हा उचलायचा असेल तर एपॉक्सी सुकल्यावर वॉशरच्या कडेने एम-सीलची वळी फिरवा आणि ती ओली असतानाच वर माती भुरभुरा. वॉशरही झाकला जातो.