भिंतीवरचे राष्ट्र: अभ्यासाला सुरुवात करणाऱ्यांसाठी काही अनुभव

दृश्यसंस्कृतीच्या पदव्युत्तर अभ्यासात प्रबंधिकेसाठी मी मुंबईतील भित्तिचित्रे आणि त्यांतून दिसणारी राष्ट्राची ओळख हा विषय घेतला, तेव्हा पहिले दोन महिने मी केवळ छायाचित्रे काढत हिंडलो. छायाचित्रे शेकड्यांनी जमली. परंतु चित्राचे पैसे कोणी दिले, भिंत कोणाच्या मालकीची आहे आणि रंग उडाल्यावर चित्र पुन्हा कोण रंगवतो, या मार्गदर्शकांच्या तीन प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर माझ्याकडे नव्हते. या विषयाकडे नव्याने वळणाऱ्यांनी हे तीन प्रश्न पहिल्या दिवसापासून जवळ बाळगावेत.

भिंतीकडे जाण्यापूर्वी कागदावरची चित्रे पाहावीत, असेही मी सुचवेन. राजा रविवर्मा यांनी 1894 मध्ये मुंबईत सुरू केलेला आणि पुढे मळवलीला गेलेला छापखाना देवादिकांची चित्रे घरोघर पोहोचवत होता, आणि सामान्य माणसाला परवडणारी एकसारखी प्रतिमा देशभर असू शकते, ही सवय अशा छापील चित्रांनी लावली. चित्रकार अवनींद्रनाथ ठाकूर यांच्या 1905 मधील चित्रातली भारतमाता भगव्या वस्त्रातील शांत तपस्विनी असून तिच्या चार हातांत पोथी, भाताच्या लोंब्या, शुभ्र वस्त्र आणि जपमाळ आहे. नंतरच्या कॅलेंडरांवर तिच्याभोवती देशाचा नकाशा आला, तिरंगा आला, सिंह आला. ही दोन्ही चित्रे शेजारी ठेवून तासभर पाहिल्यावर मला प्रथम जाणवले की राष्ट्राची प्रतिमा एकदाच घडून थांबत नाही, ती वापरणारे लोक तिच्यात भर घालत असतात.

मुंबईत वांद्र्याच्या एमटीएनएल इमारतीवर रणजित दहिया यांनी 2014 मध्ये दादासाहेब फाळके यांचे प्रचंड चित्र रंगवले. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या मराठी चित्रपटकर्त्याला हरियाणातून आलेल्या चित्रकाराने सरकारी दूरध्वनी कंपनीच्या भिंतीवर उभे करावे, यात हिंदी चित्रपट हीच अनेकांसाठी देशाची सामायिक भाषा कशी झाली, याचा पुरावा मला दिसतो. चर्चगेट स्थानकाच्या दर्शनी बाजूवरील गांधीजी ब्राझीलच्या एदुआर्दो कोब्रा यांनी रंगवले. अशी मोठी कामे महत्त्वाची आहेत, पण त्यांची माहिती सहज मिळते, त्यामुळे नवे अभ्यासक तेथेच थांबतात. तसे थांबू नये.

माझा अभ्यास खऱ्या अर्थाने सुरू झाला तो पूर्व उपनगरांतील एका वस्तीत, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या एका साध्या भित्तिचित्रासमोर. निळा कोट, लाल टाय, छातीशी धरलेले संविधान. ब्रह्मेश वाघ यांनी घडवलेला बाबासाहेबांचा पुतळा 1967 मध्ये संसदेच्या आवारात उभा राहिला. त्यातील हाती ग्रंथ आणि पुढे उंचावलेले बोट ही मुद्रा देशातील असंख्य चौकांत पुन्हा पुन्हा भेटते. वस्तीतील चित्र दर वर्षी 14 एप्रिलपूर्वी नव्याने रंगवले जाई आणि त्यासाठी घरोघर वर्गणी काढली जाई. पेंटरकाका आधी भिंत खरवडून पुट्टी भरत, मग दोरीने चौकटी आखून जुन्या कॅलेंडरवरील चित्र मोठे करत, आणि संविधानाच्या मुखपृष्ठावरील अक्षरे सर्वांत शेवटी, स्वतःच्या हाताने काढत. साहाय्यकाला त्या जागेला ते हात लावू देत नसत.

माझ्या पहिल्या मसुद्यात या चित्राची नोंद मी ‘समाजाची अस्मिता’ या प्रकरणात केली होती आणि फाळके, गांधी ‘राष्ट्र’ या प्रकरणात होते. तो भाग मी वस्तीत वाचून दाखवला, तेव्हा वर्गणी जमा करणाऱ्या एका ताईंनी विचारले, “घटना काय फक्त आमच्या वस्तीची आहे का?” मी ती विभागणी त्याच आठवड्यात मोडली. आपण नागरिक आहोत आणि हा देश आपलाही आहे, हे सांगण्यासाठी ज्यांनी संविधान हातात असलेली प्रतिमा निवडली, त्यांचे चित्र राष्ट्राच्या प्रकरणात पहिले यायला हवे होते. तुमची प्रकरणे कशी पाडायची हे ठरवण्याआधी चित्राजवळ राहणाऱ्यांना ती वाचून दाखवा. अशी चूक पुस्तकांतून सापडत नाही.

कामाच्या पद्धतीविषयी थोडे सांगतो. प्रत्येक छायाचित्रावर तारीख आणि नेमकी जागा नोंदवावी, कारण भिंतीला पुन्हा चुना लागायला एक रात्र पुरते. वस्तीत कॅमेरा काढण्यापूर्वी तेथील मंडळाची परवानगी घ्यावी. महाराष्ट्रात मालमत्ता विद्रूपणाविरुद्ध 1995 चा कायदा आहे, तो मूळातून वाचावा. परवानगीने रंगवलेली आणि परवानगीशिवाय रंगवलेली भिंत यांचे आयुष्य वेगळे का असते, हे त्यातून बरेचसे कळते. चित्रपटांची जुनी भित्तिपत्रके आणि गाण्यांच्या पुस्तिका पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जतन केलेल्या आहेत. आणि फ्लेक्स आल्यापासून ज्यांचे काम आटले त्या पेंटरांशी, ते हयात आहेत तोवर, बोलून घ्यावे. त्यांच्या स्मरणातील रंगांची नावे आणि मजुरीचे दर कोणत्याही दप्तरात मिळणार नाहीत.

प्रबंधिका सादर करून झाल्यावरही मी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्या वस्तीत जातो. गेल्या खेपेला पेंटरकाकांनी परांचीवर बसूनच मला खाली थांबवले आणि मुखपृष्ठावरील ‘संविधान’ या शब्दातील अनुस्वार रस्त्यापलीकडून नीट दिसतो का, ते पाहून यायला सांगितले.