मेटलचा व्हॉल्व्ह की टिश्यूचा? पुढच्या शस्त्रक्रियेचा हिशोब पहिल्या शस्त्रक्रियेआधीच कसा मांडावा

हृदयाची झडप बदलायची ठरली की नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेतल्या दवाखान्यांत असो वा सरकारी मेडिकलच्या सुपर स्पेशालिटीत, नातेवाईकांचा पहिला प्रश्न बहुधा ‘जास्त कोणता टिकेल?’ हाच असतो. त्या एका प्रश्नावर निर्णय घेऊ नये. दुसरी शस्त्रक्रिया करावी लागलीच तर ती साधारण कोणत्या वयात येईल, ती कोणत्या मार्गाने करता येईल आणि तोवरची वर्षे कोणता धोका सांभाळत काढावी लागतील, हे तिन्ही मुद्दे सर्जनसमोर बसून कागदावर लिहून काढावेत. त्याही आधी, विशेषतः मायट्रल (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधल्या) झडपेच्या बाबतीत, झडप न बदलता दुरुस्त होण्यासारखी आहे का, हे स्पष्ट विचारून घ्यावे.

ज्याला आपण सर्रास ‘मेटलचा’ म्हणतो त्या मेकॅनिकल व्हॉल्व्हच्या पाकळ्या बहुधा पायरोलिटिक कार्बनच्या असतात आणि त्या झिजून निकामी होणे दुर्मिळ असते. मात्र त्यांवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून वॉरफरीन किंवा एसिनोकूमरॉलची गोळी आयुष्यभर घ्यावी लागते. टिश्यू व्हॉल्व्ह गोवंशीय जनावराच्या हृदयावरणापासून किंवा डुकराच्या झडपेपासून तयार करतात. काही घरांत याला आक्षेप असू शकतो, म्हणून ही गोष्ट शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री कळण्यापेक्षा आधीच बोलून घेतलेली बरी. टिश्यू व्हॉल्व्ह साधारण १० ते १५ वर्षे चालतो, पण तरुण वयात लवकर खराब होतो आणि मायट्रलच्या जागी महाधमनीच्या जागेपेक्षा कमी टिकतो.

वयाबाबत अमेरिकेच्या २०२० सालच्या मार्गदर्शक तत्त्वांचा कल असा आहे की महाधमनीच्या झडपेसाठी पन्नाशीच्या आत मेकॅनिकल आणि ६५ नंतर टिश्यू योग्य, मधल्या वयात रुग्ण पाहून ठरवावे, तर मायट्रलसाठी ६५ ही सीमा धरावी. युरोपच्या २०२१ सालच्या तत्त्वांत महाधमनीसाठी मेकॅनिकलचा कल साठीपर्यंत नेलेला आहे. या दोन्ही ठिकाणी रुग्णाच्या इच्छेला मोठे स्थान आहे; त्यामुळे ‘वय बसते, म्हणून हाच’ एवढ्यावर चर्चा संपू देऊ नये.

आता हिशोब मांडून पाहू. समजा, उमरेडच्या ४५ वर्षांच्या शेतकऱ्याला महाधमनीचा टिश्यू व्हॉल्व्ह बसवला. बारा वर्षे धरली तर दुसरी वेळ सत्तावन्नाव्या वर्षी येते आणि तेव्हाही टिश्यूच घेतला तर सत्तरीच्या आसपास तिसरी. दुसऱ्यांदा छाती उघडताना हृदय उरोस्थीच्या मागे चिकटलेले असू शकते, म्हणून आधी सीटी स्कॅन करून वाट आखावी लागते आणि धोका पहिल्या वेळेपेक्षा वाढतो. यावर ‘पुढे टावी (छाती न उघडता रक्तवाहिनीतून व्हॉल्व्ह बसवणे) करून घेऊ’ असे उत्तर हल्ली सहज दिले जाते. जांघेतल्या रक्तवाहिनीतून जुन्या टिश्यू व्हॉल्व्हच्या आत नवा व्हॉल्व्ह बसवता येतो, हे खरे आहे. पण नवा व्हॉल्व्ह जुन्याच्या आत मावायला हवा. पहिल्या वेळी १९ किंवा २१ मिलिमीटरचा बसला असेल तर आत दुसरा बसवल्यावर वाट अरुंद होते, रक्त जोराने ढकलावे लागते आणि दम लागणे पुन्हा सुरू होऊ शकते. म्हणून टिश्यू घेणाऱ्या तरुण रुग्णाने आधीच विचारावे की माझ्यात कोणत्या मापाचा बसेल, आणि तो लहान असेल तर याच वेळी महाधमनीचे मूळ रुंद करून मोठा बसवता येईल का. माझ्या मते टिश्यूच्या चर्चेत सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे आणि नेमका तोच राहून जातो. मायट्रलच्या जागीही असा उपाय होतो, पण तिथे हृदयातून रक्त बाहेर पडण्याची वाट अडण्याची भीती असते.

मेकॅनिकल घेतला म्हणजे दुसरी शस्त्रक्रिया टळलीच, असेही नाही. गुठळी, जंतुसंसर्ग, कडेने होणारी गळती किंवा पाकळ्यांखाली वाढणारी ऊती यांमुळे तोही काढावा लागू शकतो, आणि त्याच्या आत टावी बसत नसल्याने छाती पुन्हा उघडावीच लागते.

गोळीची बाजू घराच्या पत्त्यावरून तपासावी. आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झाले हे दाखवणारा रक्ततपासणीतला आकडा, महाधमनीच्या आधुनिक मेकॅनिकल व्हॉल्व्हसाठी साधारण २.५ च्या आणि मायट्रलसाठी ३ च्या आसपास ठेवतात. नागपुरात राहणाऱ्याला ही तपासणी अवघड नाही. परंतु गडचिरोलीच्या आतल्या गावातून पावसाळ्यात नाला ओलांडून प्रयोगशाळा गाठावी लागणार असेल, तर ती अडचण वयाइतकीच वजनदार मानावी. मेथी, पालक, आंबाडी बंद करण्याची गरज नसते, फक्त प्रमाण दर आठवड्याला सारखे ठेवावे. संत्र्यांची काळजी नको. अंगदुखीची गोळी मेडिकल स्टोअरमधून मनाने घेऊ नये. तपासणी नको म्हणून नव्या प्रकारच्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मागू नयेत, कारण मेकॅनिकल व्हॉल्व्हवर त्यांपैकी डॅबिगॅट्रान या गोळीची चाचणी गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढल्याने थांबवावी लागली होती आणि तिचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. उलट अनियमित ठोक्यांसाठी रुग्णाला रक्त पातळ करण्याची गोळी तशीही चालूच राहणार असेल, तर टिश्यूचा मोठा फायदा कमी होतो.

संधिवाताच्या तापाने झडप खराब झालेल्या तरुण स्त्रीचा विचार वेगळा आहे. वॉरफरीन गर्भाच्या पहिल्या तिमाहीत घातक ठरू शकते आणि त्याऐवजी हेपरिनच्या इंजेक्शनवर गेल्यास व्हॉल्व्हवर गुठळीचा धोका वाढतो. मूल हवे असेल तर काही वर्षांनी दुसरी शस्त्रक्रिया गृहीत धरून टिश्यू घेणे समंजसपणाचे ठरू शकते, मात्र तो निर्णय तिने स्वतः, हृदयरोगतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ दोघांशी बोलून घ्यावा. सासरच्या बैठकीत तो होऊ नये.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ही शस्त्रक्रिया बसते. कोणत्या प्रकारचा व्हॉल्व्ह मिळेल, हे दवाखान्यातल्या आरोग्यमित्राकडून (योजनेच्या मदतनिसाकडून) भरती होण्याआधी विचारावे. व्हॉल्व्ह कोणताही असो, खर्रा सोडावा आणि दात काढण्याआधी डॉक्टरांकडून प्रतिजैविक लिहून घ्यावे. सुट्टी होताना व्हॉल्व्हचे नाव व माप लिहिलेले कार्ड, शस्त्रक्रियेची नोंद आणि पहिला टू-डी इको मागून घ्यावा, कारण पुढचा प्रत्येक इको याच पहिल्या इकोशी ताडून पाहिला जातो.