देवाची इच्छा शोधताना ‘आमचं ठरलंय’ म्हणू नका: या चुका टाळा

२०१९च्या लोकसभा निवडणुकीत कोल्हापुरात ‘आमचं ठरलंय’ हे वाक्य गाजलं. निवडणूक झाली, निकाल लागला. वाक्य मात्र आपल्या प्रार्थनेत मुक्कामाला राहिलंय, असं मला कधी कधी वाटतं. शिरोली एमआयडीसीत गाळा बघितलेला असतो, बयाणा दिलेला असतो, बँकेत कागद गेलेले असतात. मग चर्चच्या पाळकसाहेबांना घरी बोलवायचं: “साहेब, देवाची इच्छा कळावी म्हणून जरा प्रार्थना करा की.” साहेब “थोडं थांबा” म्हणाले, तर चहाचे कप उचलायच्या आत दुसऱ्या पाळकांचा नंबर शोधला जातो.

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच, आणि ती जुनी आहे. बायबलमधल्या यिर्मयाच्या पुस्तकाचा ४२वा अध्याय काढा. यरुशलेम पडल्यावर मागे उरलेली माणसं मिसराकडे, म्हणजे इजिप्तकडे, निघण्याच्या तयारीतच होती. तरी ती यिर्मया संदेष्ट्याकडे आली आणि म्हणाली, देवाला विचार, उत्तर बरं येवो की वाईट, आम्ही ऐकू. दहा दिवसांनी उत्तर आलं: जाऊ नका, याच देशात राहा. त्यावर पुढाऱ्यांनी यिर्मयालाच खोटं ठरवलं, मिसराला गेले आणि त्यालाही बरोबर नेलं.

आपलं तसं होतंय का, हे तपासायला एक प्रश्न पुरतो. उत्तर ‘नको’ आलं, तर उद्या सकाळी मी नेमकं काय करीन? याचं उत्तर देता येत नसेल, तर आपल्याला इच्छा शोधायची नाही, ठरलेल्यावर शिक्का हवाय. आणि विचारायचंच असेल, तर बयाण्याच्या आधी विचारावं. नंतर बयाण्याचे पैसेच बोलायला लागतात.

याच्या अगदी उलट वागणारेही मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, भेटतात. त्यांना काही हवंसं वाटणं हेच पाप वाटतं. एखाद्या मुलीला नर्सिंगसाठी परदेशात जायचं असतं. घरी विचारलं की “प्रभू नेईल तिकडे” एवढंच म्हणते आणि आतल्या आत कुढते. गेथशेमाने बागेत येशूने आधी आपलं मागणं उघड सांगितलं, हा प्याला टळो म्हणून. मग ते पित्याच्या इच्छेवर सोपवलं. पहिलं वाक्य गिळून थेट दुसऱ्यावर जायची घाई आपल्याला कशाला? हवं ते नाव घेऊन मागा. पगाराचा आकडा असेल तर आकडाही सांगा. याकोब ४:३ मध्ये बोट ठेवलंय ते मागण्यावर नाही, मागण्यामागच्या हेतूवर.

आता बायबलचं एकेक वचन छापलेल्या कार्डांविषयी. ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत कार्ड उचललं आणि यिर्मया २९:११ निघालं, की एमपीएससीचा निकाल लागल्यातच जमा! हिताचे संकल्प, आशा, भविष्य. पण हे पत्र बाबेलात, म्हणजे बॅबिलोनमध्ये, बंदिवान झालेल्यांना लिहिलेलं आहे आणि आदल्याच वचनात सत्तर वर्षं सांगितली आहेत. ऐकणाऱ्यांतले कितीतरी परतीचा दिवस पाहणार नव्हते. त्यांना सांगितलं काय, तर घरं बांधा, बागा लावा, आणि जिथे नेऊन टाकलंय त्या शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा. कार्ड फ्रिजवर खुशाल लावा, पण अख्खा अध्याय वाचून लावा.

यश म्हणजे देवाची पसंती, अपयश म्हणजे नापसंती, हा हिशेबही सोडा. नवीन गाडी मिळाल्याची साक्ष मंडळीपुढे टाळ्यांत होते. उद्यमनगरात ज्याचं वर्कशॉप बंद पडलं, तो मात्र मागच्या बाकावर गप्प बसतो. प्रेषितांची कृत्ये १६ मध्ये प्रेषित पौलाला आशिया नावाच्या रोमी प्रांतात आणि बिथुनियात जायला पवित्र आत्मा अडवतो. त्रोवसात रात्री दृष्टान्त होतो, तो मासेदोनियात जातो, म्हणजे वाट बरोबर. आणि फिलिप्पैत त्याला काय मिळतं? फटके आणि तुरुंग. आपल्याच गावातलं बघा. रॉयल गूल्ड वायल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ मध्ये कोल्हापुरात आले. पुढे त्यांचं मिशन बोर्डाशी बिनसलं, तरी ते परत येऊन स्वतंत्रपणे काम करत राहिले. १८७०मध्ये ते काम प्रेस्बिटेरियन मिशनने घेतलं. बोर्डाचं दार बंद झालं तेव्हाच कुणी ‘देवाची इच्छा नाही’ असा निकाल देऊन टाकला असता, तर तो घाईचा ठरला असता.

मागितलेलं चांगलं असूनही मिळालं नाही, तर? दाविद राजाला देवासाठी मंदिर बांधायचं होतं. नाथान संदेष्टा आधी ‘कर’ म्हणाला, त्याच रात्री देवाने त्याला वेगळं सांगितलं. मंदिर मुलाच्या, शलमोनाच्या, हातून झालं. तरी दाविदाच्या मनात हे आलं ते चांगलंच झालं, असं देव म्हणाल्याचं शलमोन सांगतो. दाविदाने नंतर काय केलं ते महत्त्वाचं: लोखंड, पितळ, गंधसरूची लाकडं गोळा करून ठेवली. रुसून बसला नाही. डॉक्टर व्हायचं राहून गेलेल्या बापाने मुलावर डॉक्टरकी लादावी, असा याचा अर्थ काढू नका म्हणजे झालं.

खुणा मागत बसणं ही शेवटची चूक, तिच्यावर फार बोलायला नको. बायबलमधल्या गिदोनाने देवाकडे खूण मागायला लोकर दोनदा ठेवली, पण लढायला जायची आज्ञा त्याला आधीच मिळाली होती. आपल्यालाही पुष्कळ काही आधीच मिळालेलं आहे. १ थेस्सलनीकाकर ४:३ देवाची इच्छा सरळ सांगतं: तुमचं पवित्रीकरण. कामगारांचा पगार वेळेवर द्यावा की नाही, बिल खरं फाडावं की नाही, यासाठी उपासप्रार्थनेची गरज नाही.

दोन्ही वाटा स्वच्छ असतील, म्हणजे समजा गोकुळ शिरगावची नोकरी की पुण्याची, तर घरच्यांशी बोला, हप्त्यांचं गणित मांडा, प्रार्थना करा आणि एक निवडा. पुण्याची निवडलीत, तर पहिल्याच रविवारी तिथली मंडळी शोधा. खोलीचं सामान नंतर लावता येतं.