आधी लॅन्थनम भाजा, मग सॅटेलाइट शोधा

नाशिकला श्रावणात लॅबच्या खिडक्या घट्ट लावल्या तरी हवा ओलीच राहते. अशाच एका पावसात मी बाटलीतलं लॅन्थनम ऑक्साइड तसंच तोललं आणि लॅन्थनम मिसळलेल्या बिस्मथ फेराइटचे (बिस्मथ, लोखंड आणि ऑक्सिजनचं संयुग) सगळे नमुने फुकट गेले. ही पावडर हवेतलं पाणी ओढून हायड्रॉक्साइड होते. पूर्ण झाली तर वजन 16.6 टक्के वाढतं, म्हणजे बिस्मथच्या जागी शंभरात 20 भाग लॅन्थनम घेतलं असं आपण समजतो आणि पडतं 17. शिवाय लोखंड जास्त होऊन नको ती मुलाइटसारखी फेज, म्हणजे वेगळ्या रचनेचा स्फटिक, तयार होते. आपल्याला हवी असलेली मॉड्युलेटेड रचना, म्हणजे अणूंच्या सरकण्याची लाट असलेली रचना, साधारण 20 ते 30 टक्के लॅन्थनमच्या पट्ट्यात मिळते, तेव्हा ही चूक परवडत नाही. पावडर 900 ते 1000 अंशांवर रात्रभर भाजा, डेसिकेटरमध्ये निववा आणि लगेच तोला. बिस्मथ ऑक्साइड 817 अंशांना वितळतं, म्हणून पहिलं भाजणं त्याखालीच ठेवा.

मॉड्युलेशन म्हणजे काय, हे मी मुलांना बांधावर उभं राहून दाखवते. द्राक्षाच्या वेली पाच-पाच फुटांवर लावलेल्या आहेत, पण प्रत्येक वेल ओळीतून जराशी डावी-उजवी सरकली आहे आणि त्या सरकण्याची एक लाट झाली आहे, असं समजा. लाटेची लांबी आणि पाच फूट यांचं प्रमाण साध्या अपूर्णांकात बसलं, तर मोठी एकक पेशी (स्फटिकात पुन्हा पुन्हा येणारा ठोकळा) घेऊन काम भागतं. नाही बसलं तर नमुना पुन्हा कधीच जुळत नाही. तीच इनकमेन्शुरेट रचना. बिस्मथची 6एस इलेक्ट्रॉनजोडी त्याला एका बाजूला ढकलते, लॅन्थनमकडे तशी जोडी नाही, त्यात लोखंडाभोवतीचे ऑक्सिजनचे अष्टफलक कलतात. या ओढाताणीतून लाट उठते. (शुद्ध बिस्मथ फेराइटमधली 62 नॅनोमीटरची लाट वेगळी. ती स्पिनची, म्हणजे अणूंच्या चुंबकत्वाची आहे, ती न्यूट्रॉनने दिसते.)

आता एक्सआरडी, म्हणजे क्ष-किरणांचं डिफ्रॅक्शन. मॉड्युलेशन असेल तर मुख्य पीकच्या बाजूला बारीक जादा पीक येतात, तेच सॅटेलाइट. 27 ते 29 अंशांत बारीक पीक दिसला की हुरळून जाऊ नका. तिथे अशुद्ध फेज येतात, आणि 32 अंशांजवळच्या मुख्य जोडीची के-बीटा (क्ष-किरणांतली नको असलेली दुसरी तरंगलांबी) सावलीही 28.7 च्या आसपासच पडते. फिल्टर तपासा, हळू स्कॅन घ्या, आलेख लॉग स्केलवर पाहा.

खरी खात्री इलेक्ट्रॉन डिफ्रॅक्शनच देतं; त्यात इलेक्ट्रॉनच्या झोताने ठिपक्यांचा नमुना उमटतो. मुख्य ठिपक्यापासून सॅटेलाइटपर्यंतचं अंतर मोजा आणि त्याला त्याच दिशेच्या दोन मुख्य ठिपक्यांमधल्या अंतराने भागा. एका ठिपक्यावर विसंबू नका; दोन्ही बाजूंचे आठ-दहा मोजून सरासरी काढा. उत्तर एक-द्वितीयांश, एक-तृतीयांश, एक-चतुर्थांश यांपैकी कशाशीही जुळत नसेल, तरच जाना हे स्फटिकरचना बसवणारं सॉफ्टवेअर उघडा. त्यात आधी फक्त मुख्य पीक बसवा. सॅटेलाइट आणि लाटेचा सदिश (तिची दिशा आणि लांबी सांगणारी राशी) त्यानंतर घाला. सुरुवातीलाच सगळं मोकळं सोडलं, तर तो सदिश कुठल्याही अशुद्धीच्या पीकवर जाऊन बसतो.