किल्ली काढली तरी इंजिन चालूच? जुन्या डिझेल मर्सिडीजमधली व्हॅक्यूमची गळती अशी शोधा

ई २५० डी किल्लीने बंद होत नाही म्हणून कुणी तुम्हाला थेट इग्निशन स्विच बदलायला सांगितलं असेल, तर पैसे देण्याआधी थांबा. मीही ऐकलं होतं. स्विच नवा बसला, गाडी तशीच राहिली.

ई २५० डी ज्या मालिकेतली आहे, ती डब्ल्यू १२४ ही पुण्यात जोडणी झालेली पहिली मर्सिडीज. १९९५ पासून टेल्कोच्या (आताच्या टाटा मोटर्सच्या) आवारात हे काम सुरू झालं. तिच्या डिझेल अवतारात ओएम ६०२ हे पाच सिलिंडरचं, अडीच लिटरचं इंजिन आहे. इंजिन दणकट आहे. थकतात त्या त्याच्या भोवतीच्या बारीक प्लॅस्टिकच्या नळ्या आणि त्यांना जोडणारे रबरी एल्बो. डिझेल इंजिनाला स्पार्क लागत नाही, त्यामुळे वीज तोडून ते थांबत नाही. किल्ली मागे फिरवली की इग्निशन लॉकच्या मागचा छोटा व्हॉल्व्ह (पुढे ‘स्विच’ म्हणतोय तो हाच) उघडतो, व्हॅक्यूम, म्हणजे हवेची ओढ, डिझेल पुरवणाऱ्या इंजेक्शन पंपाच्या शट-ऑफपर्यंत पोचते, तिथला डायफ्रॅम, म्हणजे रबरी पडदा, ओढला जातो आणि डिझेल तुटतं. वाटेत कुठेही हवा शिरली की इंजिन चालूच राहतं.

आत्ता चालू असलेली गाडी बंद कशी करायची

बोनेट उघडा आणि इंजेक्शन पंपावरचा हाताने बंद करायचा लिव्हर दाबून धरा. तो कुठे आहे हे आजच, इंजिन थंड असताना पाहून ठेवा. मॅन्युअल गिअर असेल तर ब्रेक घट्ट दाबून, वरच्या गिअरमध्ये क्लच सोडला तरी इंजिन बसतं.

चालू गाडीची बॅटरी काढू नका. इंजिन थांबणार नाहीच, अल्टरनेटर मात्र जाईल. हवेच्या तोंडावर हात किंवा फडकं धरण्याचा सल्ला देणाऱ्याला गाडीजवळ येऊ देऊ नका.

आधी ब्रेक, मग बाकी सगळं

डिझेलच्या इंटेकमध्ये पेट्रोल गाडीसारखा व्हॅक्यूम तयार होत नाही. म्हणून इंजिनाच्या पुढच्या बाजूला वेगळा व्हॅक्यूम पंप असतो, आणि ब्रेक दाबायला जोर देणारा बूस्टरही त्यावरच चालतो. इंजिन बंद ठेवून ब्रेक पाच-सहा वेळा दाबा. पेडल कडक झालं की पाय तसाच ठेवून स्टार्ट करा. पेडल किंचित खाली गेलं पाहिजे. गेलं नाही तर ती गाडी बोरघाटात काय, कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतही नेऊ नका.

पंपाबद्दल एक गोष्ट मी प्रत्येकाला सांगतो. या इंजिनांतल्या जुन्या पंपाचं बेअरिंग फुटलं तर तुकडे टायमिंग चेनच्या घरात पडतात आणि अख्खं इंजिन जातं. पंप कधी बदलला याची नोंद नसेल, किंवा इंजिनाच्या पुढून नवी टकटक येत असेल, तर व्हॅक्यूम पुरेसा असला तरी पंप बदला. यात काटकसर करू नका.

गळती शोधणं: इथेच माणसं हरतात

गेज असलेला व्हॅक्यूमचा हातपंप विकत घ्या. त्याच्याशिवाय हे काम म्हणजे पार्ट बदलत राहणं आणि देवाचं नाव घेणं.

पहिली चाचणी शट-ऑफवर. इंजिन आयडलवर ठेवा, शट-ऑफची नळी काढा, तिथे हातपंप लावा आणि १५ इंचांपर्यंत (गेजवरचे पाऱ्याचे इंच) ओढा. इंजिन लगेच थांबलं आणि काटा मिनिटभर तिथेच राहिला, तर शट-ऑफ चांगला आहे, त्याला हात लावू नका. काटा घसरला तर डायफ्रॅम फाटलाय. काटा टिकला पण इंजिन चालूच राहिलं, तर दोष आतल्या लिव्हरच्या जोडणीत आहे.

नळी काढल्यावर तिच्या तोंडात बोट फिरवून बघा. काळं तेल लागलं तर ते इंजेक्शन पंपाकडून, फाटक्या डायफ्रॅममधून आलंय. ऑटोमॅटिक गाडीत लाल तेल दिसलं, तर गिअरबॉक्सच्या व्हॅक्यूम युनिटचा डायफ्रॅम गेलाय. अशा गाडीचे गिअर बहुधा आधीच झटक्याने पडू लागलेले असतात. दोन्ही प्रकारांत पार्ट बदलाच, पण तेल शिरलेल्या नळ्या आणि रबरही धुऊन किंवा बदलून घ्या. तेलाने फुगलेलं रबर पुन्हा घट्ट बसत नाही.

दुसरी चाचणी स्विचची, आणि ती फुकट आहे. इंजिन बे मध्ये स्विचकडे जाणारी नळी आणि स्विचकडून शट-ऑफकडे येणारी नळी, दोन्ही सोडवा आणि इंजिन चालू असताना त्या एकमेकींना थेट जोडा. इंजिन बसलं तर दोष स्विचच्या बाजूला आहे. चालूच राहिलं तर दोष आधी दुसरीकडे शोधा. एवढं न करता स्विच बदलायला सांगणारा मेकॅनिक अंदाजावर तुमचे पैसे खर्च करतोय. नळ्यांच्या रंगावर मात्र विसंबू नका. तीस वर्षांत कुणी कुठली नळी कुठे लावली असेल याचा भरवसा नाही. बोटाने माग काढत जा.

आता माझे आठ महिने जिथे गेले ती जागा. माझी गाडी आधी किल्लीनंतर दोन सेकंद चालायची, मग पाच, आणि एका संध्याकाळी थांबलीच नाही. थंड गाडीवर सगळं तपासलं, काटा १८ वर खिळ्यासारखा उभा. शट-ऑफ बदलला, स्विच बदलला, दोष तसाच. शेवटी तासभर गाडी चालवून आल्या आल्या, गरम असताना, एकेक तुकडा तपासला. फायरवॉलजवळचा (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीजवळचा) एक रबरी एल्बो हाताला मऊ लागत होता. अंगठ्याने जरा वाकवला आणि काटा सरळ खाली आला. आतल्या वळणावर नखाएवढी चीर होती. एल्बो सरळ असताना ती मिटायची, गरम होऊन वाकला की उघडायची.

तेव्हापासून माझा नियम पक्का आहे. तपासणी गरम गाडीवर आणि एका वेळी एकच तुकडा. एल्बो काढून नुसता डोळ्यांनी पाहून तो चांगला ठरवायचा नाही. तो जागेवर असतानाच वाकवायचा, पिळायचा, आणि नजर काट्यावर ठेवायची. बाकीच्या शाखा बंद करायला ड्रिल बिटचा गुळगुळीत दांडा एल्बोत खुपसा. एकेक शाखा बंद करत गेलात की जिथे काटा टिकू लागतो, गळती त्याच शाखेत.

काटा किती दाखवायला हवा? चालू इंजिनावर मुख्य नळीत २० इंचांच्या वर. पुण्यात वाचन मुंबईपेक्षा साधारण दोन इंच कमी येतं, कारण पुणं समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे. एवढ्यावरून पंप नादुरुस्त ठरवू नका. मुख्य नळीतून बारीक नळी निघते तिथलं छिद्र मुद्दाम छोटं ठेवलेलं असतं, म्हणजे बारीक नळी फुटली तरी ब्रेकचा व्हॅक्यूम एकदम जात नाही. ‘चोकअप झालंय’ म्हणून ते ड्रिलने मोठं केलेल्या गाड्या मी पाहिल्यात. कृपा करून असं करू नका.

दुरुस्ती

सगळे रबरी एल्बो एकदमच बदला. एक तडकला म्हणजे बाकीचेही त्याच वयाचे आहेत. सलाइनची नळी लावू नका. ती गरम इंजिनाजवळ मऊ पडते आणि व्हॅक्यूमने चपटी होते.

शट-ऑफ बदलताना जुना काढण्याआधी फोटो घ्या. नव्याची आतली पट्टी लिव्हरमध्ये अडकली पाहिजे. बोल्ट पूर्ण आवळण्याआधी हातपंपाने ओढून लिव्हर हलतोय का ते पाहा. ही खात्री न करता आवळला तर सगळं पुन्हा खोलावं लागतं. ओ-रिंग नवीच घाला.

सेंट्रल लॉकिंग चालत नसेल तर त्याचा इथे संबंध नाही. त्याचा विजेवर चालणारा वेगळा पंप मागच्या सीटखाली आहे. लॉक केल्यावर तो काही सेकंदांत थांबायला हवा. बराच वेळ घरघरत राहिला तर एखाद्या दाराच्या किंवा डिझेल टाकीच्या झाकणाच्या डायफ्रॅममध्ये गळती आहे.

सगळं जोडून झाल्यावर गाडी तासभर चालवा आणि गरम असतानाच तीन वेळा किल्लीने बंद करा. तिन्ही वेळा इंजिन एक-दोन सेकंदांत थांबलं पाहिजे. एकदा जरी रेंगाळलं, तर हातपंप पुन्हा काढा.